वही १९८२ सालीच का उघडायची?

२०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, सतरा दिवसांच्या आत, आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कने एकच विक्रम तीन वेळा मोडला. १५ फेब्रुवारीला मिशिगनविरुद्ध तिने केल्सी प्लमचे ३,५२७ गुण मागे टाकले. २८ फेब्रुवारीला मिनेसोटात लिनेट वुडार्डचे ३,६४९. आणि ३ मार्चला ओहायो स्टेटविरुद्ध पुरुषांमधल्या पीट मॅराविचचे ३,६६७. अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधील ‘कारकिर्दीत सर्वाधिक गुण’ ही एकच गोष्ट असेल, तर ती तीनदा कशी मोडता येते? आणि तीनदा मोडूनही, ज्या बाईने कॉलेजमध्ये ४,०६१ गुण केले होते ती पर्ल मूर शेवटपर्यंत पुढेच राहिली, याचे काय करायचे?

या प्रश्नावरचे भांडण दोन टोकांवर अडकले. एक गट म्हणाला, अधिकृत वही एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या संघटनेची, त्या वहीत प्लम पहिली होती, तिला क्लार्कने मागे टाकले, विषय संपला. दुसरा गट म्हणाला, वुडार्ड आणि मूर यांच्या काळी तीन गुणांची रेषा (जिच्याबाहेरून केलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात ती) नव्हती, चेंडू पुरुषांचा होता, म्हणून क्लार्कच्या आकड्यापुढे तारांकित खूण हवी. माझ्या मते दोघेही चुकत आहेत, आणि चूक मुळात सारखीच आहे. एकाला जुनी पाने फाडायची आहेत, दुसऱ्याला नव्या पानावर शाई सांडायची आहे. खरे तर पाने जोडायची आहेत. एनसीएएने स्त्रियांच्या खेळाचा ताबा घेण्याआधीचे आकडे त्याच वहीत, त्याच शाईने असायला हवेत, आणि कोणाच्याही नावापुढे खूण नको. हे केले की क्लार्कची कारकीर्द लहान होत नाही. उलट तिच्यात मोजण्यासारखे नेमके काय आहे ते दिसू लागते, आणि ते एकूण गुण नव्हेतच.

ही पाने फाटली कशी, हे आधी पाहू. १९७२ मध्ये शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी करणारा ‘टायटल नाइन’ कायदा आला तेव्हा एनसीएएला स्त्रियांच्या खेळात काडीचा रस नव्हता. स्त्रियांच्या स्पर्धा भरवत होती एआयएडब्ल्यू, म्हणजे स्त्री शारीरिक शिक्षकांनी १९७१ साली उभी केलेली संघटना. तिला पैशाचे इतके वावडे होते की सुरुवातीला खेळाडूंना शिष्यवृत्ती देण्यासही बंदी होती. न्यायालयात दावा दाखल झाल्यावर १९७३ मध्ये ती उठली. दशकाच्या शेवटी स्त्रियांच्या सामन्यांना प्रेक्षक आणि दूरचित्रवाणी मिळू लागली, तेव्हा एनसीएएला जाग आली. १९८१-८२ च्या हंगामात तिने आपली समांतर स्पर्धा सुरू केली आणि संघांचा प्रवासखर्च उचलला. एआयएडब्ल्यूकडे जाणाऱ्या कॉलेजांना तो खर्च पदरचा करावा लागे. कॉलेजे कुठे गेली हे सांगायला नको. २८ मार्च १९८२ रोजी, एकाच दिवशी, अमेरिकेत स्त्रियांचे दोन राष्ट्रीय अंतिम सामने झाले. एनसीएएचा लुइझियाना टेकने चेनीविरुद्ध जिंकला, एआयएडब्ल्यूचा रटगर्सने टेक्ससविरुद्ध. त्याच वर्षी एआयएडब्ल्यूने दुकान बंद केले. वुडार्डचा कॅन्ससमधला शेवटचा हंगाम १९८०-८१ चा. अवघ्या एका हंगामाने तिचे ३,६४९ गुण वहीबाहेर राहिले.

यातली एक गंमत क्लार्कच्या चाहत्यांनी तरी लक्षात ठेवायला हवी होती. एआयएडब्ल्यूच्या अध्यक्षपदी राहिलेल्या आणि एनसीएएच्या अतिक्रमणाला कडाडून विरोध करणाऱ्या क्रिस्टीन ग्रँट या आयोवाच्याच. १९७३ पासून २००० पर्यंत तिथल्या महिला क्रीडा विभागाच्या त्या प्रमुख होत्या. चेनीच्या त्या अंतिम सामन्यातल्या प्रशिक्षक व्हिव्हियन स्ट्रिंगर यांना पुढच्याच वर्षी आयोवात त्यांनीच आणले. क्लार्कसाठी आयोवाचे कार्व्हर-हॉकआय अरीना खचाखच भरत होते, त्याच्या पायाभरणीत या बाईचे काम आहे. लिसा ब्लूडर, म्हणजे क्लार्कच्या प्रशिक्षक, यांना हा इतिहास ठाऊक होता. वुडार्डच्या आकड्याला मान मिळायला हवा हे त्यांनी त्या वेळी उघडपणे सांगितले.

आता एनसीएएच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. जी संस्था स्पर्धा भरवते ती आपल्याच स्पर्धांच्या आकड्यांची हमी देऊ शकते. सत्तरच्या दशकातले गुणपत्रक काही ठिकाणी विद्यार्थिनींनी पेन्सिलीने भरलेले असे. प्रतिस्पर्धी संघांची ताकद कमालीची विषम होती. आज शिष्यवृत्तीवर खेळणाऱ्या दोन संघांत सामना होतो. तेव्हा एका बाजूला दोन-चार असामान्य मुली आणि दुसऱ्या बाजूला हॉकीचा हंगाम संपला म्हणून इकडे आलेल्या, असेही होई. पर्ल मूर तर साउथ कॅरोलिनातल्या फ्रान्सिस मेरियन या छोट्या कॉलेजात, छोट्या कॉलेजांच्या गटात खेळली. तिच्या ४,०६१ पैकी १७७ गुण त्याआधीच्या अँडरसन ज्युनियर कॉलेजातले. हे सगळे खरे आहे, आणि ‘मूरच पहिली, पुढे बोलू नका’ असे म्हणणाऱ्यांनी ते गिळून टाकू नये.

पण हा युक्तिवाद एनसीएएने स्वतःच पाळलेला नाही. क्लार्कच्या त्या तीन रात्रींच्या महिनाभर आधी, २१ जानेवारी २०२४ रोजी, स्टॅनफर्डच्या प्रशिक्षक टॅरा व्हॅनडरव्हीर यांचा १,२०३ वा विजय झाला. पुरुष संघाचे प्रशिक्षक माइक शशेफ्स्की यांचे १,२०२ मागे पडले आणि कॉलेज बास्केटबॉलमधील सर्वाधिक विजयांचा मान त्यांना मिळाला. हे विजय कुठून मोजले? आयडाहो विद्यापीठातल्या १९७८ च्या हंगामापासून, म्हणजे एआयएडब्ल्यूच्या काळातले धरून. टेनेसीच्या पॅट समिट यांचे १,०९८ विजय १९७४ पासून मोजले जातात. वुडार्डच्या प्रशिक्षक मॅरियन वॉशिंग्टन यांच्या नावावर जे ५६० विजय सांगतात, त्यांतही वुडार्डचे सामने आहेत. आता मला कोणी समजावून सांगावे: एकाच सामन्यात, एकाच गुणपत्रकावर, प्रशिक्षकाचा विजय विश्वासार्ह आणि खेळाडूचे गुण तेवढे संशयास्पद, हे कोणत्या हिशेबात बसते? विजय हा शेवटी त्या गुणांच्या बेरजेतूनच येतो ना? पेन्सिलीने भरलेला कागद विजयासाठी चालतो आणि बास्केटसाठी चालत नाही, असा नियम कोणी बुद्ध्या केला नसेल. पण त्याचा परिणाम असा होतो की प्रशिक्षकांना मागचा काळ लागू होतो आणि खेळाडूंना नाही.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. भारतातले महिला क्रिकेट १९७३ पासून वेगळ्या संघटनेच्या, डब्ल्यूसीएआयच्या, हाती होते. पहिली आंतरराज्य स्पर्धा पुण्यात झाली. बीसीसीआयने कारभार हाती घेतला २००६ मध्ये. म्हणून १९७७ साली डनेडिनला शांता रंगास्वामींनी केलेले, भारतीय स्त्रीचे पहिले कसोटी शतक कोणी वहीतून काढले का? मुंबईच्या डायना एडुल्जींचे ६३ कसोटी बळी ‘बीसीसीआयपूर्व’ अशा वेगळ्या कप्प्यात ठेवले का? स्त्रियांच्या क्रिकेटची इतर बाबतीत जी हेळसांड झाली तिच्यावर ग्रंथ लिहिता येईल, पण निदान आकडे तरी कोणी पुसले नाहीत. संस्था बदलली म्हणून खेळ नव्याने जन्माला येत नाही.

आता दुसऱ्या गटाकडे वळू, कारण त्यांची सहानुभूती योग्य जागी असली तरी गणित भलतीकडे जाते. त्यांचा आवडता हिशेब असा: क्लार्कने कॉलेजात तीन गुणांच्या ५४८ फेकी यशस्वी केल्या. स्त्रियांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये ही रेषा आली १९८७-८८ मध्ये. म्हणजे वुडार्डच्या नियमांनी खेळवले तर क्लार्कच्या ३,९५१ मधून ५४८ वजा. उरले ३,४०३. वुडार्ड पुढे.

वजाबाकी बरोबर आहे, निष्कर्ष नाही. नियम बदलला की फक्त गुण बदलत नाहीत, खेळाडू उभी कुठे राहते ते बदलते. तीस फुटांवरून फेकण्याला दोनच गुण असते तर क्लार्कने तीस फुटांवरून फेकलेच नसते. त्या ५४८ फेकी, आणि चुकलेल्या त्याहून कितीतरी जास्त, बास्केटच्या जवळून झाल्या असत्या आणि त्यांतल्या अधिक आत गेल्या असत्या. उलट बाजूनेही पाहा. क्लार्कला मध्यरेषेच्या चिन्हापाशीच गाठावे लागते म्हणून बचावातली एक खेळाडू कायम बाहेर ओढली जाते. मग पिक लावला, म्हणजे सहकारी खेळाडू बचाव करणारीच्या वाटेत आडवी उभी राहिली, की तिला दोनच मार्ग उरतात. पिकच्या खालून जावे, तर क्लार्क तिथेच उभी राहून फेकते. वरून जावे, तर ती ड्रिबल करत आत शिरते, किंवा पिक लावून बास्केटकडे वळलेल्या सेंटरला कमरेच्या उंचीवर पास देते. २०२३ पर्यंत ही सेंटर होती मोनिका चिनानो, आणि तिच्या हातात चेंडू पडला की बहुतेक वेळा बास्केट ठरलेली. रेषा काढून टाकली तर हा सगळा पेच कोसळतो, आणि वुडार्डच्या काळासारखी पेंटमध्ये, म्हणजे बास्केटखालच्या पट्ट्यात, गर्दी होते. कोणाचे किती झाले असते, हे सांगणे मग ज्योतिषाकडे द्यावे.

शिवाय रेषासुद्धा एक नाही. क्लार्कच्या पहिल्या हंगामात, २०२०-२१ ला, ती २० फूट ९ इंचांवर होती. पुढच्या वर्षीपासून २२ फूट पावणेदोन इंचांवर गेली. केल्सी प्लमची चारही वर्षे जवळच्या रेषेवरची. म्हणजे खुणांचा खेळ सुरूच करायचा तर प्लमच्या तुलनेत क्लार्कला बोनस द्यावा लागेल. चेंडूचेही तसेच. पुरुषांच्या चेंडूचा घेर साडेएकोणतीस इंच, स्त्रियांचा एक इंचाने कमी आणि वजनाने सुमारे दोन औंस हलका. तो कॉलेजात आला १९८४-८५ मध्ये. बास्केटचे कडे मात्र अठरा इंचांचेच राहिले. लहान चेंडूचा खरा फायदा फेकीपेक्षा हाताळणीत होतो: धावत्या ड्रिबलमधून एका हाताने सोडलेला लांब पास, जो क्लार्कची ओळख बनला, मोठ्या चेंडूने कमी हातांना जमतो. तेव्हा वुडार्डला मोठ्या चेंडूने खेळावे लागले, ही तिची बाजू शंभर टक्के खरी. २०२४ च्या एप्रिलमध्ये तिने स्वतःही चेंडूचा आणि दोन गुणांच्या फेकीचा हवाला देऊन आपला विक्रम मोडलेला नाही असे म्हटले होते, आणि नंतर खुलासाही केला. तिची खंत समजते. पण त्या खंतीचे उत्तर क्लार्कच्या नावापुढची खूण नाही; वहीतले वुडार्डचे पान हे आहे.

मॅराविचबद्दल थोडक्यात, कारण ती तुलना मला दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकासाठी केलेली वाटते. लुइझियाना स्टेटमध्ये १९६७ ते १९७० या तीन हंगामांत ८३ सामने, सरासरी ४४.२. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात बंदी होती म्हणून चौथे वर्ष नाही. क्लार्कचे १३९ सामने, सरासरी २८.४. पण मॅराविच दर सामन्याला सुमारे ३८ फेकी घेत असे आणि प्रशिक्षक त्याचे वडील होते, हेही त्याच दमात सांगायला हवे. २०२३ मध्ये डेट्रॉइट मर्सीचा अँटोइन डेव्हिस पाच हंगाम आणि १४४ सामने खेळून ३,६६४ वर थांबला, मॅराविचच्या तीन गुण मागे. त्या वेळी पाचव्या हंगामावरून जे त्वेषाने लिहीत होते, त्यांच्यापैकी कितीजणांनी वर्षभराने क्लार्कबद्दल लिहिताना सामन्यांची संख्या सांगितली? तसे पाहिले तर कोविडमुळे क्लार्कलाही पाचवे वर्ष उपलब्ध होते. तिने ते घेतले नाही. मूरपर्यंत ११० गुण उरले होते, तिच्या सरासरीने चार सामन्यांचे काम. आणि मॅराविचचा आकडा तिने ओलांडला तो लांबून मारलेल्या फेकीने नव्हे, तर मध्यंतराच्या तोंडावर मिळालेल्या तांत्रिक फाउलच्या फ्री थ्रोवर, म्हणजे कोणी न अडवता मिळणाऱ्या फेकीवर. फ्री थ्रोची रेषा १९७० मध्येही पंधरा फुटांवरच होती.

गुणांवरून एवढे रणकंदन माजले, आणि खेळाडू होती गार्ड, म्हणजे चेंडू आणून खेळ रचणारी! बास्केटबॉल समजणाऱ्याने गार्डला आधी काय विचारावे? तू चेंडू आणलास, त्यातून संघाला काय मिळाले? या कसोटीवर क्लार्कची नोंद गुणांपेक्षा दुर्मीळ आहे. कारकिर्दीत १,१४४ असिस्ट, म्हणजे ज्यांतून सहकारी खेळाडूने बास्केट केली असे पास. २०२१-२२ मध्ये तिने देशात सर्वाधिक सरासरी गुण आणि सर्वाधिक सरासरी असिस्ट अशी दोन्ही स्थाने एकाच हंगामात मिळवली. पहिल्या श्रेणीत तिच्याआधी कोणाही स्त्रीला हे जमले नव्हते. हे इतके अवघड का? कारण दोन्ही कामे एकाच वेळेच्या आणि एकाच चेंडूच्या पोटातून निघतात. स्वतः फेकले तर असिस्ट जातो, पास दिला तर गुण जातात. असिस्टचा विक्रम पेन स्टेटच्या सुझी मॅककॉनेलचा, १,३०७; तिच्या शिरावर गुणांचा असा भार नव्हता. २०२३ मध्ये लुइव्हिलविरुद्ध क्लार्कचे ४१ गुण, १० रिबाउंड (चुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू), १२ असिस्ट. प्रत्येक असिस्टचे कमीत कमी दोन गुण धरले तरी एका गार्डने ६५ गुणांना हात लावला.

मग ती परिपूर्ण होती का? मुळीच नाही. दर सामन्यात चाराहून अधिक वेळा चेंडू तिच्याकडून जाई. जोखमीचा पास हा तिचा दागिना आणि तोच तिचा खर्च. ट्रिपल-डबल, म्हणजे गुण, रिबाउंड, असिस्ट अशा तीन रकान्यांत दोन अंकी आकडा असलेले सामने, १७; ओरेगनच्या सब्रिना इओनेस्कूचे २६. आणि ज्याच्यावर टीकाकार सर्वांत जास्त बोट ठेवतात ते: एकही राष्ट्रीय विजेतेपद नाही. २०२२ मध्ये घरच्या मैदानावर क्रेटनकडून ६४-६२ अशी हार. २०२३ च्या अंतिम सामन्यात लुइझियाना स्टेटकडून १०२-८५. २०२४ ला साउथ कॅरोलिनाकडून ८७-७५. ‘जिंकलीच नाही, मग मोठी कशी?’ हा प्रश्न बिनतोड वाटतो खरा. पण २०२४ चा तो सामना उघडून पाहा. पहिल्या चतुर्थांशात क्लार्कचे १८ गुण, उरलेल्या तीन चतुर्थांशांत मिळून १२, कारण साउथ कॅरोलिनाच्या प्रशिक्षक डॉन स्टेलींकडे तिच्यावर सोडायला एकामागून एक ताज्या बचावपटू होत्या. राखीव खेळाडूंचे गुण साउथ कॅरोलिना ३७, आयोवा शून्य. गार्ड बाकावरून खेळाडू आणू शकत नाही. ते काम भरती करणाऱ्यांचे. त्याच साउथ कॅरोलिनाला, त्या हंगामातले सगळे ३६ सामने जिंकून आलेले असताना, आयोवाने वर्षभर आधी उपांत्य फेरीत ७७-७३ असे हरवले होते, आणि त्यात क्लार्कचे ४१ होते. विजेतेपदाच्या मापानेच मोजायचे तर वुडार्ड आणि मॅराविच यांच्याकडेही कॉलेजचे राष्ट्रीय विजेतेपद नाही. त्यांना कोणी विचारत नाही.

एक गोष्ट मात्र क्लार्कच्या बाजूच्या मंडळींनी मान्य केल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिच्या वाट्याला आलेला झोत निव्वळ खेळामुळे आलेला नाही. २०२१ च्या जुलैपासून कॉलेज खेळाडूंना जाहिरातीतून कमाई करता येऊ लागली, सामने मोठ्या वाहिन्यांवर गेले, आणि ती मध्य-पश्चिमेतली गोरी मुलगी होती. मूर आणि वुडार्ड कृष्णवर्णीय, आणि मूर तर अशा कॉलेजात की अमेरिकेतल्या बहुतेकांना ते नकाशावर दाखवता आले नसते. मूरला नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली २०२१ साली, शेवटच्या कॉलेज सामन्यानंतर बेचाळीस वर्षांनी. पण हा दोष क्लार्कच्या फेकीत नाही. २०२४ चा स्त्रियांचा अंतिम सामना सरासरी १.८७ कोटींहून अधिक लोकांनी पाहिला, पुरुषांचा १.४८ कोटींच्या आसपास. त्या गर्दीतल्या कित्येकांनी वुडार्ड आणि मूर ही नावे पहिल्यांदा ऐकली ती या वादामुळेच. झोत जिथे पडला तिथून तो मागे वळवणे शक्य होते. वहीवाल्यांनी ते केले नाही.

वेगवेगळ्या नियमांखालचे आकडे शेजारी कसे ठेवायचे, हे शिकायला आयोवाच्या बाहेर जायची गरज नाही. १९९३ पर्यंत त्या राज्यात मुलींचे शालेय बास्केटबॉल सहा-सहा जणींचे होते. तीन फॉरवर्ड अर्ध्या मैदानात, तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात. मधली रेषा कोणी ओलांडायची नाही, ड्रिबल दोनच. डेनिस लाँगने १९६८ मध्ये एका सामन्यात १११ गुण केले. लिन लोरेन्झनने १९८७ ला शाळा सोडली तेव्हा तिच्या नावावर ६,७३६ होते. आयोवात ही नावे आजही आदराने घेतली जातात. कोणी त्यांतून गुण वजा करत नाही आणि पाच जणींच्या खेळातल्या मुलींशी त्यांची कुस्तीही लावत नाही. वर फक्त लिहिलेले असते, सहाचा खेळ.

राष्ट्रीय वहीत याहून अवघड काही करायचे नाही. एक तक्ता. नाव, कॉलेज, वर्षे, संघटना, सामने, चेंडू, रेषेचे अंतर, गुण. पहिली ओळ पर्ल मूर, एआयएडब्ल्यू छोटी कॉलेजे, मोठा चेंडू, रेषा नाही, ४,०६१. दुसरी केटलिन क्लार्क, १३९ सामने, छोटा चेंडू, रेषा २० फूट ९ इंच आणि मग २२ फूट पावणेदोन, ३,९५१. तिसरी लिनेट वुडार्ड, चौथी केल्सी प्लम. त्या दोघींचेही सामने, योगायोगाने, १३९. आणि या तक्त्याच्या शेजारी असिस्टचा रकाना, कारण निदान आयोवाने तरी विसरू नये की त्यांच्या जुन्या सहाच्या खेळात गार्ड म्हणजे जिला आयुष्यात एकदाही बास्केटकडे फेकायची परवानगी नव्हती अशी मुलगी. तिची सगळी कारकीर्द वहीत शून्य आहे.